इतिहासाची राखण करणारी खुर्ची

गेल्या थंडीत पुण्याहून माझी ताई आणि तिची नऊ वर्षांची लेक जबलपूरला आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या घरी पाहुणे आले की एक कार्यक्रम ठरलेलाच असतो, तो म्हणजे भेडाघाट. सकाळी धुआंधार, मग नावेतून संगमरवरी कडे, नावाड्याची यमक जुळवत चाललेली कॉमेंट्री, भाजलेला भुट्टा आणि शेवटी चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या. आई खालीच बसते. "माझे गुडघे योगिनींना माहीत आहेत, तुम्ही जाऊन या," हे तिचं दर वर्षीचं वाक्य.

शंभराहून जास्त पायऱ्या चढून आम्ही वर पोचलो. गोल आवार, मधे गौरीशंकराचं मंदिर आणि भोवती कोनाड्यांत बसलेल्या योगिनी. कुणाचे हात तुटलेले, कुणाचा चेहराच नाही. भाची सगळीकडे फिरली, निळ्या पाटीपाशी थांबली, अडखळत पाटी वाचली आणि म्हणाली, "मावशी, शाळेला हेडमास्तर असतात, तसं या सगळ्या जुन्या देवळांचं हेडमास्तर कोण असतं?"

मी "सरकार" असं उत्तर देऊन सुटले. पण सरकार म्हणजे नेमकं कोण? या मूर्तीचा उरलेला हात उद्या निखळला, तर कुणाला रात्री झोप लागणार नाही? घरी आल्यावर मी वाचत बसले. जे सापडलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं. कारण आपण सगळेच मुलांना घेऊन किल्ल्यांवर, लेण्यांत, देवळांत जातो आणि निळी पाटी न वाचता फोटो काढून परत येतो.

निळ्या पाटीमागचं कुटुंब

ती पाटी असते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाखाली चालणारी ही संस्था देशातली सुमारे ३,७०० स्मारकं सांभाळते. ताजमहाल, अजिंठा, वेरूळ तर आहेतच. पण शेताच्या बांधावर उभा असलेला एखादा शिलालेख आणि गावाबाहेरची जुनी बारवही याच यादीत असते. संस्थेच्या प्रमुखाला महासंचालक म्हणतात. भाचीच्या भाषेत, हेडमास्तर.

महासंचालक दिल्लीत बसतात. देशाचे भाग पाडून मंडळं केलेली आहेत आणि प्रत्येक मंडळाचा प्रमुख असतो अधीक्षक पुरातत्त्वविद. त्याच्या हाताखाली संवर्धन करणारे, मोजमाप आणि नकाशे करणारे, छायाचित्रं काढणारे आणि सगळ्यात शेवटी रोज सकाळी कुलूप उघडणारे, झाडू मारणारे, "मूर्तीवर चढू नका" असं दिवसातून पन्नास वेळा सांगणारे कर्मचारी. दगडाची रासायनिक सफाई करणारी आणि शिलालेख वाचणारी शाखा वेगळी असते.

आपलं जबलपूर अनेक वर्षं भोपाळ मंडळात होतं. २०२० साली देशात सात नवी मंडळं झाली, त्यात जबलपूरला स्वतःचं मंडळ मिळालं. एरवी कागदोपत्री वाटणारी ही गोष्ट आहे. पण ज्या कामासाठी आधी फाइल भोपाळला जायची, त्याचा निर्णय घेणारा माणूस आता आपल्याच शहरात आहे, असा तिचा अर्थ.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सगळंच जुनं या संस्थेकडे नसतं. राज्यांची स्वतःची पुरातत्त्व खाती असतात. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे आठ केंद्राकडे आहेत, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे एकाच यादीतल्या भावंडांचे पालक दोन.

पहिला हेडमास्तर आपल्या टेकडीवर आला होता

ही संस्था १८६१ साली सुरू झाली. तिचा पहिला प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम हा लष्करातला इंजिनियर होता. गंमत म्हणजे सुरू झाल्यावर पाचेक वर्षांतच सरकारने हे काम बंद करून टाकलं. पुन्हा १८७१ मध्ये ते सुरू झालं आणि कनिंगहॅम महासंचालक झाला. हाताशी मोजकी माणसं आणि समोर अख्खा देश. तो गावोगाव हिंडला, मोजमापं घेतली, टिपणं केली. १८७३ ते १८७५ च्या सुमारास त्याने मध्य प्रांताचा दौरा केला, त्यात भेडाघाटही होतं. योगिनींच्या बैठकीवर कोरलेली नावं त्याने उतरवून घेतली.

ही नावं मी आजवर पाहिलीच नव्हती. नीट वाकून बघितलं तर अनेक मूर्तींच्या खाली अजून अक्षरं दिसतात. मंदिर दहाव्या शतकातलं, त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या काळातलं. नाव चौसष्ट योगिनींचं असलं तरी कोनाडे ८१ आहेत. मूर्तींचे चेहरे गेले, पण नावं राहिली.

त्रिपुरी म्हणजे जवळचंच तेवर गाव. कलचुरींची ही राजधानी. तिचा इतिहास उलगडण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. १९५१-५२ मध्ये सागर विद्यापीठातर्फे तिथे उत्खनन केलं ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. आणि कलचुरींचे शिलालेख-ताम्रपट वाचून, त्यांचा अर्थ लावून १९५५ साली ग्रंथरूपाने समोर ठेवले ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी. मिराशी कोकणात जन्मले आणि नागपुरात शिकवत राहिले. जबलपूरच्या आमच्या पिढीला कलचुरी राजांची नावं पाठ्यपुस्तकात आयती मिळाली, ती अशा लोकांनी दगडावरून एकेक अक्षर टिपल्यामुळे.

पंढरपूरचा मुलगा महासंचालक होतो

१९०२ मध्ये जॉन मार्शल महासंचालक झाला, तेव्हा तो जेमतेम पंचविशीत होता. मी आज त्याच वयाची आहे आणि अजून घरच्या गॅसचं बुकिंगसुद्धा बाबाच करतात, म्हणून हा आकडा मला जरा लागलाच! मार्शलने संवर्धनाचं एक साधं तत्त्व रुजवलं. जुनं सांभाळा, त्याचं नवं करू नका. मूर्तीचं नाक तुटलंय म्हणून नवं नाक बसवायचं नाही. जे उरलंय ते आणखी पडू नये एवढं बघायचं. १९२३ मध्ये त्याने यावर नियमपुस्तिकाच लिहिली.

सत्तर वर्षं ही खुर्ची इंग्रजांकडेच राहिली. पहिले भारतीय महासंचालक झाले दयाराम साहनी, १९३१ मध्ये. आणि १९३७ मध्ये त्या खुर्चीवर एक मराठी माणूस बसला. काशीनाथ नारायण दीक्षित, जन्म पंढरपूरचा, १८८९ सालचा.

दीक्षितांनी १९२४-२५ मध्ये मोहेंजोदडोला खोदकाम केलं होतं. तिथल्या एका मोठ्या भागाला आजही 'डीके' म्हणतात. तो दीक्षित काशीनाथ यांच्या नावावरूनच! आज बांगलादेशात असलेल्या पहाडपूरच्या भव्य बौद्ध विहाराचं उत्खनन आणि त्यावरचा १९३८ सालचा ग्रंथही त्यांचाच. पुढे ते ठिकाण जागतिक वारसा झालं.

पण खुर्ची काही फुलांची नव्हती. त्यांच्या काळात इंग्लंडहून लिओनार्ड वुली या नामवंत पुरातत्त्वज्ञाला संस्थेचं काम तपासायला बोलावलं गेलं आणि त्याचा १९३९ चा अहवाल चांगलाच कडक निघाला. खोदकामाच्या पद्धती जुन्या आहेत, माणसांना प्रशिक्षण नाही, अशी टीका त्यात होती. त्यातच दुसरं महायुद्ध सुरू झालं. पैसा आणि लक्ष दोन्ही युद्धाकडे. अशा काळात दीक्षितांच्या नेतृत्वाखाली १९४० पासून अहिच्छत्र इथे मोठं उत्खनन झालं. टीका आली म्हणून काम थांबवलं नाही. १९४४ मध्ये ते निवृत्त झाले आणि मॉर्टिमर व्हीलर आले. त्यांनी त्याच वर्षी तक्षशिलेला प्रशिक्षणवर्ग घेतला आणि त्यातून स्वतंत्र भारताला लागणारी पुरातत्त्वज्ञांची फळी तयार झाली.

एक कायदा, जो तुमच्या देव्हाऱ्यापर्यंत येतो

स्वातंत्र्यानंतरचं आणखी एक मराठी नाव म्हणजे मधुसूदन नरहर देशपांडे. १९७२ ते १९७८ या काळात ते महासंचालक होते. त्याआधी पितळखोऱ्याच्या लेण्यांत त्यांनी काम केलं, १९५८-५९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला पहिलं उत्खनन केलं. निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजी इथल्या २९ लेण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये आला. ट्रेकिंगच्या ग्रुपवर आज या लेण्यांचे फोटो फिरतात, तेव्हा त्यांचं नाव क्वचितच कुणी घेतं.

१९७४ मध्ये याच दायमाबादला झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. सगळं मिळून साठ किलोंहून जास्त वजन. भंगारात गेलं असतं तर वितळून भांडी झाली असती. आज ती देशाची मौल्यवान ठेव आहे.

देशपांडे महासंचालक असतानाच, एप्रिल १९७६ मध्ये, पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, कोरीव वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं या कायद्यात येतात. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या मूर्ती, चित्रं आणि चित्रांनी सजलेली हस्तलिखितं यांची नोंदणी करावी लागते.

हे आपल्या घरांशी जोडलेलं आहे बरं का. परदेशी राहणारा मुलगा पणजीच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आठवण म्हणून सोबत नेऊ म्हणतो. भावना अगदी खरी. पण मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती देशाबाहेर नेता येत नाही. तसंच, घराचा पाया खणताना जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर ते "आपलं नशीब" म्हणून कपाटात ठेवता येत नाहीत. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये!

हरवलेली स्मारकं

आता जरा अवघड भाग. स्मारकं हरवतात. अक्षरशः.

२०१३ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली, तेव्हा ९२ संरक्षित स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. नंतर संस्थेने शोधाशोध करून ४२ शोधून काढली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला, त्यात उरलेल्या ५० चा हिशेब होता. १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा पत्ताच लागत नाही. २०२४ मध्ये संस्थेने १८ स्मारकं यादीतून वगळायची प्रक्रिया सुरू केली. त्यात दिल्लीतली जुनी दफनभूमी होती, तशीच हरियाणातला रस्त्याकडेचा कोसमिनारही होता.

एवढी मोठी वास्तू हरवते कशी? त्याच अहवालात उत्तर आहे. तेव्हा ३,६९३ स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी सुरक्षा रक्षक नेमता आले होते. गरज सुमारे ७,००० रक्षकांची होती, प्रत्यक्षात होते २,५७८. पैशाचं गणितही करून बघा. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात या संस्थेला सुमारे ११०० कोटी रुपये मिळाले. सरळ भागाकार केला तर एका स्मारकाला वर्षाला साधारण तीस लाख. यातच पगार, उत्खनन, संग्रहालयं, दुरुस्ती, बागा, सगळं. शहरातल्या मध्यम फ्लॅटची किंमत यापेक्षा जास्त असते.

म्हणून महासंचालकाचं खरं काम म्हणजे "आधी कुणाला?" हे ठरवणं. घरात पाच जण आजारी आणि औषधाचे पैसे दोघांपुरते, अशी ही अवस्था असते. एका मंदिराचं शिखर दुरुस्त करायचं ठरवलं, की दुसऱ्या ठिकाणची भिंत आणखी एक पावसाळा तशीच काढणार. आणि ती कोसळली तर पेपरात नाव याच खुर्चीचं.

शंभर मीटरच्या आतलं घर

दुसरा पेच माणसांचा आहे. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० मध्ये मोठी दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येतं. परवानगीचा विचार करायला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नावाची वेगळी संस्था आहे.

स्मारकाच्या बाजूने बघितलं तर नियम एकदम योग्य. नाहीतर योगिनींच्या डोक्यावर हॉटेलच्या गच्च्या आल्या असत्या. पण त्या शंभर मीटरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाच्या बाजूनेही बघायला हवं. मुलाचं लग्न झालं, वर एक खोली चढवायची आहे, आणि ती चढवता येत नाही. साध्या डागडुजीलाही परवानगी लागते. देशात मोठं स्मारक असो की एकटा पडलेला मिनार, अंतर सगळीकडे सारखंच. ते स्मारकाप्रमाणे वेगवेगळं असावं की नाही यावर संसदेतही चर्चा होत आली आहे. माझं प्रामाणिक मत विचाराल तर ज्या घराला जुन्या दगडाचा फक्त त्रासच झाला, ते घर त्या दगडाची राखण मनापासून करणार नाही. नियम हवेत, पण परवानगीचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहता कामा नये.

तिसरा पेच देवाचा. भेडाघाटच्या गौरीशंकराची आजही पूजा होते. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालच्या शिलालेखाचं, तेही संरक्षित आणि तिथेही महाशिवरात्रीला रांगा लागतात. भक्तासाठी ते देऊळ आहे, संस्थेसाठी ते स्मारक आहे. भक्त म्हणतो, "तेलाचा दिवा लावल्याशिवाय पूजा कसली?" रसायनशास्त्रज्ञ म्हणतो, "काजळी आणि तेलाने दगड मरतो." दोघंही खोटं बोलत नाहीत. कायदा सांगतो की पूजा चालू असलेल्या जागेचं पावित्र्य राखायचं आणि वास्तूही जपायची. हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, हे मात्र त्या त्या अधिकाऱ्याला पुजाऱ्यासमोर, गावासमोर उभं राहूनच ठरवावं लागतं.

जाणकार हवा की प्रशासक?

या खुर्चीवर कुणी बसावं, यावरही वाद आहे. दीक्षित, देशपांडे हे हाताला माती लागलेले लोक होते. १९८१ मध्ये पहिल्या महिला महासंचालक झालेल्या देबला मित्रा यांनीही ओडिशातल्या रत्नागिरीचं मोठं उत्खनन केलं होतं. (हो, रत्नागिरी तिकडेही आहे!) १९९३ नंतर मात्र बहुतेक काळ भारतीय प्रशासकीय सेवेतले अधिकारी नेमले गेले आणि अधूनमधून पुरातत्त्वज्ञ. काही जण म्हणतात, हृदयाच्या दवाखान्याचा प्रमुख डॉक्टरच हवा. काही म्हणतात, अतिक्रमण, कोर्टकचेऱ्या, निधी हे सगळं हाताळायला मुरलेला प्रशासकच लागतो. मला वाटतं, माणूस कुठल्याही सेवेतून येवो, त्याने महिन्यातून एकदा तरी एखाद्या अनोळखी स्मारकाच्या चौकीदाराशी अर्धा तास बोलावं.

हे काम किती गंभीर असू शकतं, ते सीरियातल्या एका आजोबांनी दाखवून दिलं. खालिद अल-असद चाळीस वर्षं पाल्मिरा या प्राचीन नगरीचे प्रमुख होते. २०१५ मध्ये अतिरेक्यांनी गाव ताब्यात घेतलं तेव्हा ते ऐंशी पार केलेले, निवृत्त. ते गाव सोडून गेले नाहीत. मौल्यवान वस्तू कुठे लपवल्या हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि त्यासाठी त्यांना जीव द्यावा लागला. आपल्याकडे सुदैवाने अशी वेळ नाही. आपल्याकडचे शत्रू साधे आहेत: पाणी, पिंपळाचं रोप, बिल्डर, आणि हातात खिळा घेतलेलं एखादं मूल.

वाघांच्या जंगलात शोध

सगळं निराशेचंच नाही. आमच्या जबलपूर मंडळाने २०२२ च्या भर उन्हाळ्यात, २० मे ते २७ जून, बांधवगडच्या व्याघ्र प्रकल्पात पाहणी केली. १७० चौरस किलोमीटरचं जंगल पायाखाली घातलं. २६ मंदिरं, २६ गुंफा, २ मठ, २ स्तूप, २४ ब्राह्मी शिलालेख, ४६ मूर्ती आणि पाण्याच्या १९ जुन्या रचना, अशी नोंद झाली. आजूबाजूला वाघ!

याआधी तिथे पाहणी झाली होती १९३८ मध्ये, एन. पी. चक्रवर्ती यांनी केलेली. त्या वेळी महासंचालक होते आपले पंढरपूरचे दीक्षित, आणि पुढे दहा वर्षांनी चक्रवर्ती स्वतःच महासंचालक झाले. म्हणजे एका पिढीने लिहून ठेवलेलं पान चौऱ्याऐंशी वर्षांनी दुसऱ्या पिढीने पुढे उलटलं. नवं मंडळ झालं नसतं तर ते आणखी किती वर्षं तसंच राहिलं असतं कोण जाणे.

तुमच्या घरात दगड, नाणी, नकाशे यांत रमणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर तिला सांगा, हा रस्ता खरंच आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी जगभर ओळखलं जातं. ग्रेटर नोएडात संस्थेची स्वतःची पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था आहे, तिथे दोन वर्षांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. इतिहास, भूगोल, रसायनशास्त्र, संस्कृत, वास्तुकला, सगळ्यांना इथे जागा आहे.

आपण काय करू शकतो?

* निळी पाटी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. दोन मिनिटं लागतात.
* मूर्तीला हात लावू नका, तिच्यावर टेकून सेल्फी नको. एका हाताचा घाम काही करत नाही, लाखो हातांचा करतो.
* जुन्या वास्तूवर झाड उगवलेलं, भेग पडलेली किंवा मूर्ती गायब झालेली दिसली तर फोटो, तारीख आणि जागा लिहून त्या मंडळाच्या कार्यालयाला पाठवा. जुने फोटो चोरीला गेलेल्या मूर्ती ओळखायला कामी येतात.
* गावातल्या यादीबाहेरच्या वास्तूंचीही नोंद ठेवा. विहीर, वीरगळ, वाडा, जे असेल ते.
* भिंतीवर नाव कोरू नका. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हा शेवटचा मुद्दा लिहिताना माझा हात जरा थांबला. सातवीत असताना शाळेच्या सहलीत एका जुन्या वास्तूच्या भिंतीवर मी कंपासच्या टोकाने माझं आणि मैत्रिणीचं नाव कोरलं होतं. कुणी बघितलं नाही, कुणी रागावलं नाही. दोन वर्षांपूर्वी पुन्हा तिथे गेले, तर नावं तशीच होती. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने ज्या दगडावर पानंफुलं काढली, त्याच दगडावर माझं वेडंवाकडं अक्षर. ते आता पुसताही येत नाही. पुसायचं म्हणजे दगड आणखी घासायचा.

हे मी त्या दिवशी भाचीला सांगितलं नव्हतं. परवा व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे हेडमास्तर दिल्लीत असले तरी वर्गात मॉनिटर लागतो ना? पुढच्या वेळी भेडाघाटला मी मॉनिटर होणार."

मी हो म्हटलं. पुढच्या थंडीत त्या येणार आहेत. आई म्हणते, या खेपेला तीही पायऱ्या चढेल, हळूहळू, बसत बसत. आणि आम्ही तिघी वाकून योगिनींची नावं वाचणार आहोत.